शिक्केवाल्या काकांना न पटलेली सॉफ्टवेअरं

आमच्या शेजारचे मुंजाजीराव ढवळे मोबाईलमधल्या ॲपला अर्ज लिहितात.

आपल्याला एखादं ॲप आवडलं नाही तर आपण ते काढून टाकतो. फार तर एक तारा देऊन मोकळे होतो. मुंजाजीराव एक तारा देतात आणि त्याखाली, जिथं बाकीचे लोक 'बेकार' किंवा 'पैसे वाया' एवढंच लिहितात, तिथं रीतसर अर्ज ठोकतात. वर 'प्रति, मा. व्यवस्थापक साहेब'. मग विषय : 'परभणी जिल्ह्यातील रुपया पाकिस्तानात दाखविल्याबाबत.' मग 'महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की', आणि शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती'. खाली सही करता येत नाही याची त्यांना मोठी हळहळ आहे.

त्या अर्जाला उत्तर आलं. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार! आपल्याला आमचं ॲप आवडलं याचा आम्हाला आनंद आहे!' शेजारी एक पिवळा हसरा चेहरा.

तो चेहरा घेऊन काका माझ्या दारात. तोंडाला अजून अर्ध्या दाढीचा साबण. "सर, हे हसायलंय बघा. मी तकरार करायलोय आन् हे हसायलंय! खपवून घ्यायचं का हे?"

'खपवून घ्यायचं का हे?' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मी आपला "जाऊ द्या ना काका" म्हणतो. त्यावर ते "जाऊच देत आलाव तुमी लोक" असं म्हणून माझ्याकडं असं बघतात, जणू पाकिस्तानात तो रुपया मीच नेऊन ठेवलाय.

आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटतं. माझा स्वभावच असा आहे. समोरचा चिडला की चूक आपलीच असणार, असं मला आतून वाटायला लागतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. एकदा ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर माझ्या हातून चालू झाला. कसा झाला ते मला अजून माहीत नाही. पण तेव्हापासून आमच्या कॉलनीत मी संगणकतज्ज्ञ आहे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरचं काही चुकलं, की त्याचा जाब मुंजाजीराव मला विचारतात आणि मी खाली मान घालून ऐकतो.

काका मूळचे बोरीचे. जिंदगी गेली जमीन मोजणीत. सरकारी मोजणीदार म्हणून जिंतूर आणि सेलू तालुक्यातला बांध न् बांध त्यांनी तुडवलाय. दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन समोरासमोर उभे आणि मध्ये साखळी धरून मुंजाजीराव, असे प्रसंग ते फार रंगवून सांगतात. निवृत्त झाले तरी मोजणी अंगातून गेली नाही. कॉलनीतल्या गणपतीचा मांडव शेजाऱ्याच्या फाटकात वीतभर आत आलाय, हे त्यांना नुसत्या नजरेनं कळतं. आणि कळलं की ते बोलतात. गणपतीसमोर सुद्धा.

त्यांच्या रागाचं मुख्यालय मात्र बसस्टँडसमोरची चहाची टपरी. आमच्याकडं दहा रुपयांचं नाणं दुकानदार घेत नाहीत. का घेत नाहीत ते कुणालाच सांगता येत नाही. "चालत न्हाई" एवढंच. काका रोज मुद्दाम दहाचं नाणं घेऊन त्या टपरीवर जातात. चहा आधी पितात. मग नाणं पुढं करतात. टपरीवाला म्हणतो, "काका, नोट द्या ना." की झालं सुरू.

"हा शिक्का कुणाचा? सरकारचा. त्याच्यावर सिंह कुणाचे? सरकारचे. तू कोण लागून गेलास न्हाई म्हणणारा? निजामाच्या राज्यात निजामाचा शिक्का नाकारून दाखवला असतास का?"

"निजामाच्या राज्यात मी नव्हतो काका."

"म्हणून वाचलास!"

शेवटी टपरीवाला हसत हसत नाणं घेतो, आणि दुसऱ्या दिवशी परत 'नोट द्या' म्हणतो. आजूबाजूचे ऑटोवाले या भांडणासाठी चहाची वेळ जुळवून येतात.

तर, अशा माणसाचा नाण्यांचा संग्रह आहे. कॉलनीत आणि भोवतालच्या गावांत त्यांना 'शिक्केवाले काका' म्हणतात ते त्यामुळेच. दोन पत्र्याच्या पेट्या. त्यात खाकी पाकिटं, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलेलं. जास्त करून निजामाच्या काळातले हाली रुपये, चारमिनार कोरलेले. काही इंग्रजांचे कलदार, भोकाचे पैसे, कमळाचे वीस पैसे. मोजणीला गेलं की गावात मुक्काम व्हायचा, ओळखी व्हायच्या, कुणी देव्हाऱ्यातला जास्तीचा रुपया द्यायचा, कुणी म्हातारी कनवटीचा भोकाचा पैसा काढून द्यायची. काकांनी बाजारातून एकही नाणं आणलेलं नाही.

आणि त्यांची मांडणी जगात कुणाची नसेल अशी आहे. लोक नाणी राजाप्रमाणं लावतात, सालाप्रमाणं लावतात, धातूप्रमाणं लावतात. काका गावाप्रमाणं लावतात. आधी तालुका, मग गाव, मग घर. जसा जमिनीचा गट क्रमांक तसं. वालूरची नाणी वालूरच्या कप्प्यात, मग त्यात निजाम असो नाहीतर पंचम जॉर्ज.

"राजा कुणाचा हाय?" ते मला म्हणाले होते. "आज हाय उद्या न्हाई. गाव कुठं जायलंय?"

आता मूळ गोष्टीकडं येतो. काकू गेल्यापासून काका एकटे राहतात. त्यांची मुलगी सुनीता नाशिकला असते. दिवाळीला ती आली तेव्हा तिनं स्वयंपाकघरात दुधाचं एक पातेलं बघितलं. बुडाला कोळसा झालेलं, धुऊन धुऊन तसंच काळं राहिलेलं. काकांनी ते पोत्यामागं लपवलं होतं. ती ओरडली नाही, हेच वाईट झालं. ती रडली. म्हणाली, बाबा, आता माझ्याकडं चला. इथं गॅस चालू राहिला आणि तुम्ही झोपलात तर मला कोण सांगणार?

काकांना मुलीचं रडणं झेपत नाही. त्यांनी लगेच कबूल केलं. पण अट घातली. "सगळे शिक्के कम्प्युटरात चढवल्याबिगर मी हद्द सोडणार न्हाई. नाशिकला नेताना एक जरी हिकडचा तिकडं झाला तर जबाबदार कोण?"

सुनीताला ती अट रास्त वाटली. तिनं लॅपटॉप आणून दिला आणि जाताना माझ्या घरी आली. "दादा, एक चांगलं सॉफ्टवेअर बघून द्या. तेवढं झालं की मी यांना घेऊन जाते." मी तिला शब्द दिला. भाऊ म्हणून हाक मारणाऱ्या बाईला शब्द दिला.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. काका चष्मा पुसून माझ्या शेजारी बसले. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला : देश?

"देश कशाला विचारायलंय?" काका म्हणाले. "गाव विचार म्हणावं."

"गाव नाही विचारत काका. आधी देश."

देशाच्या रकान्यात मी हैदराबाद टाकलं. ते त्यानं आनंदानं घेतलं आणि बोरीच्या रुपयापुढं हिरवा झेंडा लावला. सिंधमधलं हैदराबाद. काका खुर्चीतून उठले. "रझाकारांना जे जमलं न्हाई ते ह्यानं एका बोटात केलं!" तोच तो अर्ज, ज्याला पिवळा चेहरा उत्तरादाखल आला.

दुसरं विकतचं होतं. परदेशी, देखणं. त्यात हैदराबाद संस्थान होतं. मला वाटलं, सुटलो. मग साल विचारलं. नाण्यावर हिजरी साल असतं, ते काका सफाईनं वाचतात. मी तेराशे सदतीस टाकलं. सॉफ्टवेअरनं ते इसवी सन समजून नाण्याला 'मध्ययुगीन' असा शेरा मारला.

"मध्ययुगीन? मध्ययुगीन!" काका उसळले. "अवो ज्या बाईनं मला हा दिला ती माझ्या डोळ्यांदेखत भाकरी थापत होती!"

पुढं त्याला किंमत हवी होती. किंमत टाकल्याशिवाय पुढचा रकाना उघडत नव्हता. मी शून्य टाकलं. त्यानं शून्य घेतलं नाही. काका म्हणाले, "लोकांनी देवातला शिक्का काढून हातावर ठेवला. मी त्यांना किंमत विचारली न्हाई. आन् हा कोण विचारणारा?" तरी मी गपचूप एक रुपया टाकला. रुपयाची किंमत एक रुपया. त्यात काय चुकलं? पण काकांनी ते बघितलं आणि पुढचा आठवडाभर मला 'एक रुपयावाले सर' म्हणून हाक मारली.

खरा स्फोट मात्र नाण्याच्या 'अवस्थे'वरून झाला. उत्तम, बरं, झिजलेलं, खराब, अशी यादी होती. आणि बारीक अक्षरात टीप होती की, भोक पाडलेली किंवा कडी लावलेली नाणी 'खराब' समजावीत. आता आमच्याकडचे निम्मे रुपये बायकांच्या गळ्यातल्या माळेत ओवलेले. प्रत्येकाला वर चांदीची कडी डाग देऊन लावलेली. काकांनी ती टीप मला दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे बाईच्या गळ्यात गेला की खराब?"

"काका, जगात तसा नियम आहे. मूळ नाण्याला धक्का लागला की—"

"कुणाच्या जगात? पेटीत कुजत पडला तो उत्तम, आन् माणसाच्या अंगावर जल्म काढला तो खराब? बंद करा हे. आत्ताच्या आत्ता बंद करा!"

त्यांचा आवाज फाटला होता. मला तो राग जास्तीचा वाटला. एका टिपेवरून इतकं? पण पैसे भरलेले परत मिळत नव्हते आणि ते सॉफ्टवेअर मीच निवडलेलं होतं, त्यामुळे मी ते निमूटपणे बंद केलं.

तिसरं कॅमेऱ्यानं नाणं ओळखणारं होतं. त्यानं भोकाच्या पैशाला नळाची चकती ठरवलं आणि चारमिनारच्या रुपयाला 'पर्यटकांसाठीची आठवणवस्तू'. त्यावर काकांनी लिहिलेला अर्ज इतका लांब होता की ॲपनं तो अर्ध्यात तोडला. अर्ज अर्ध्यात तोडल्याबाबत त्यांनी दुसरा अर्ज लिहिला.

आता मलाही राग यायला लागला होता. सुनीता दर रविवारी फोन करायची. "दादा, झालं का?" मी म्हणायचो, "ताई, यातही एक अडचण निघाली." ती हळू आवाजात म्हणायची, "बाबांना अडचणी काढता येतात." मला वाटायचं, ती मलाच बोलतेय. रागावून मी एकदा काकांना म्हणालो, "तुम्हाला एकही पसंत पडणार नाही. तुम्हाला नोंद करायचीच नाही."

काका काही बोलले नाहीत. हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं. मुंजाजीराव काही बोलले नाहीत असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्याच सुमारास एका दुपारी मी त्यांच्याकडं बसलेलो असताना फाटकाशी एक माणूस आला. वालूरचा होता. "शिक्केवाले काका हितंच राहतेत का?" त्यानं रुमालातून एक रुपया काढला. देव्हाऱ्यातला, पिढ्यान् पिढ्या पुजलेला. भावकीत वाद निघाला होता की हा देव आहे की नुसताच रुपया.

काकांनी रुपया हातात घेतला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. तो रुपया नव्या भांड्यासारखा चकाकत होता. "चिंचेनं घासला?"

"दर दिवाळीला घासतो की. देव हाय म्हणल्यावर."

"अरे, चारमिनार बुजला! दरवाजातलं अक्षर गेलं! तुमच्या आज्यानं जपला आन् तुमी चिंच लावून खाऊन टाकला! रांगोळीनं बी घासला का?"

"थोडी राखुंडी लावली होती," तो माणूस ओशाळून म्हणाला.

काकांनी त्याला बसवलं, चहा दिला, आणि घटकाभर झापलं. मग भिंग लावून, तिरका धरून, बुजलेलं साल वाचलं. "जा, भावकीला सांग. शिक्का निजामाचा. देव तुमचा. दोन्ही खरं हाय. पण पुन्हा चिंच लावली तर मी वालूरला येईन."

"या की काका," तो माणूस एकदम खुलून म्हणाला. "याच तुमी. बाप लय आठवण काढतो तुमची. आमचा बांध तुमीच मोजला होता."

तो गेल्यावर काका बराच वेळ फाटकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सर, नाशिकला फाटकाशी येऊन कुणी मला काय म्हणून हाक मारील?"

मी म्हणालो, "सुनीताताईचे बाबा म्हणून."

"हां," काका म्हणाले. "ते बी खरंय."

आणि मी काय केलं? मी त्याच आठवड्यात चांगलं सॉफ्टवेअर शोधून काढलं. शब्द दिला होता ना. त्यात रकाने आपले आपण करता येत होते. मी पहिला रकाना केला गाव. मग घर. मग नाणं. साल आपल्या मनानं लिहायचं, हिजरी तर हिजरी. किंमत नाही. 'खराब' नाही. 'कुणाकडून मिळालं' यासाठी मोठी मोकळी जागा. मी ते काकांपुढं ठेवलं. ते खालपासून वरपर्यंत, वरपासून खालपर्यंत बघत राहिले. मोजणी करताना खुणेचा दगड शोधावा तसं त्यांनी त्यात खोट शोधली. ती निघाली नाही.

"बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. फार हळू म्हणाले.

रोज दुपारी कॉलेजातून आलो की आम्ही बसायचो. ते पाकीट उघडायचे, सांगायचे. मी टाइप करायचो. झरीचा एक कलदार होता, त्याच्या 'कुणाकडून' या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं : 'सखाराम, त्याचे दोघं भाऊ, आणि आत्या, जिनं मध्ये पडून भांडण मिटवलं.' सगळं बसलं. पहिली पेटी संपली. दुसरी अर्ध्यावर आली.

आणि काका शहाण्यासारखे वागायला लागले. मांडवावरून नाही, नळावरून नाही, कशावरूनच आवाज नाही. एक दिवस मी बसस्टँडकडून येत होतो तर टपरीवाल्यानं मला थांबवलं.

"सर, काकांची तब्येत बरी न्हाई का?"

"का रे?"

"तीनचार दिवस झाले, मी नोट द्या म्हणलं की नाणं खिशात टाकतेत आन् नोट देतेत. काही बोलतच न्हाईत." तो बिचारा खरोखर घाबरलेला होता. "मी ते नाणं घेतो म्हणून सांगा त्यांना. रोज घेतो."

घरी येता येता माझ्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस इतके महिने भांडत होता ते सॉफ्टवेअरशी नव्हताच. आणि मी, भांडायला जागाच राहणार नाही असं एक शोधून आणून त्याच्यापुढं ठेवलं होतं.

शेवटची दुपार. दुसरी पेटी रिकामी. मी म्हणालो, "झालं ना काका?"

"एक राहिलाय."

त्यांनी बंडीच्या गळ्यात हात घातला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला एक रुपया बाहेर काढला. चारमिनारचा. वर कडी. इतका झिजलेला की मिनारांच्या नुसत्या चार रेघा राहिल्या होत्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तो मी कधी बघितला नव्हता.

"गाव बोरी," काका म्हणाले. "घर आमचंच."

मी लिहिलं.

"मी रांगत होतो तवा आई गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरी केली. आमच्यात रीत होती सर, दुसरी आली की तिच्या गळ्यात पहिलीच्या नावाचं काहीतरी घालायचं. कुणी चांदीच्या पत्र्यावर तिचं रूप ठोकून टाक करतेत. आमच्याकडं कुठला टाक? आईच्या पेटीत हा रुपया होता. त्यालाच कडी लावली आन् नव्या नवरीच्या गळ्यात घातला." ते रुपया अंगठ्यानं चोळत होते. त्यावरच्या रेघा कशानं गेल्या ते मला कळलं. चिंचेनं नव्हत्या गेल्या. "तिला मी माय म्हणायचो. ती जेवाय बसली की पहिला घास ह्या रुपयाला दाखवायची. मग मला भरवायची. मग आपण खायची. म्हणायची, आधी तुझ्या आईला, मग तुला. एक दिवस चुकली न्हाई. आईचं तोंड मला ठाऊक न्हाई सर. मला हा ठाऊक हाय."



"लिहा," ते म्हणाले. "कुणाकडून मिळाला. लिहा, आई." मी 'आ' लिहिला. "थांबा. हातात तर मायनं दिला. जाताना. माय लिहा." मी 'आ' खोडला. "न्हाई, पण होता तर आईचा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मोजणीत दोन्ही वाटेकरी खरे निघाल्यासारखं ते बघत होते.

त्या रकान्यात दोन्ही नावं बसत होती. दोन काय, दहा बसली असती. एक शब्द टाइप करायचा, मध्ये 'आणि' घालायचं, आणि संपलं. मग सुनीताला फोन. मग नाशिक.

मी हात उचलून मांडीवर ठेवले. "काका," मी म्हणालो, "यात एकच नाव बसतंय."

ते चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. सखाराम, त्याचे दोघं भाऊ आणि आत्या त्यांनीच तर सांगितले होते मला. सरकवलेला खुणेचा दगड त्यांना लांबून दिसतो.

"एकच?"

"एकच."

"दुसरं बसतच न्हाई?"

"नाही बसत."

मग हळूहळू त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती लाली गालांवर आली. पाठ ताठ झाली. "म्हंजे माणसाला आई एकच असती असं ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं? कुणाला विचारून? ह्यांच्या बापाची पेंड हाय का? इतकं सगळं चढवून घेतलं आन् आता शेवटाला सांगायलंय एकच बसतंय! काढा. हे काढून टाका, सर! खपवून घ्यायचं का हे?"

या प्रश्नाला मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तर दिलं. "मुळीच नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी सुनीताचा फोन आला. "ताई, हेही जमलं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकवेना. मागून भिंतीपलीकडून काकांचा आवाज येत होता. अर्ज मोठ्यानं वाचत वाचत लिहायची त्यांना सवय आहे. 'विषय : इसमास दोन आया असू शकतात याबाबत.'

"ओरडायलेत का?" सुनीतानं विचारलं.

"हो."

"जोरात?"

"लय जोरात."

मग म्हणाली, "बरं. मग सावकाश बघा दादा दुसरं."

तिला किती कळलं ते मला माहीत नाही. पण त्या पातेल्याची भीती खरी आहे, आणि तिला दिलेला शब्द मी मोडलाय, हेही खरं आहे. ते माझ्या मनातून जात नाही. म्हणून आता रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी काकांकडं चहाला जातो. चहा भयंकर असतो. तो पिता पिता मी शेगडीचं बटण बघतो, मग सिलिंडरचं. रात्री माझी बायको जाऊन बघून येते.

"काय बघताव रोज?" परवा काकांनी डाफरलं. "गॅसची बी नोंद करायची हाय का?"

"सहज बघितलं."

"सहज म्हणं." मग त्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. कंपनीचं उत्तर आलं."

या वेळी पिवळा चेहरा नव्हता. कुणीतरी खऱ्या माणसानं मन लावून लिहिलं होतं की, आमच्या रकान्यात आपण कितीही नावं लिहू शकता, कृपया पुन्हा एकदा तपासून बघा.

काकांनी मोबाईल खिशात घातला, दोरा बंडीच्या आत सारला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"लय खोटारडी माणसं हायत, सर."

"अर्ज ठोका," मी म्हणालो.